सांगडीवरचा पहिला धडा

मुलांना शिडाच्या नौकानयनाची ओळख करून देण्यासाठी स्थानिक कारागिरांनी बांधलेली लहान कॅटामरान कितपत योग्य ठरते? तिची निवड करताना काय पाहावे, याचा हा परिचय.

कोकणातील लहान होडीच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी, एक लाकडी ओंडका तरंगत असतो. त्याला उलांडी म्हणतात. होडी कितीही अरुंद असली, तरी उलांडीमुळे ती सहजासहजी कलंडत नाही. उलांडीच्या जागी पहिल्या होडीएवढीच दुसरी होडी बांधली की जी रचना तयार होते, तिला आज जगभर कॅटामरान म्हणतात. मराठीत या कल्पनेसाठी जुना शब्द आहे, तो म्हणजे 'सांगड'. दोन होड्या किंवा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा, तसेच पोहणाऱ्याला आधार देणारी भोपळ्यांची जोडी, असे दोन्ही अर्थ या शब्दात सामावलेले आहेत. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधण्याची पद्धत गावोगावी होती. मुलाला पाण्याची भीती वाटू नये, पण पाण्याचे भान मात्र यावे, हा तिचा उद्देश. शिडाच्या होडीचा पहिला धडा देतानाही नेमका हाच प्रश्न समोर येतो.

समुद्रकाठच्या शहरांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचा समुद्राशी संबंध चौपाटीवर संपतो. नौकानयन हा खर्चिक, मोजक्यांचा खेळ आहे, अशी समजूत त्यामागे आहे आणि आयात केलेल्या होड्यांच्या किमती पाहता ती अगदीच निराधार नाही. स्थानिक पातळीवर बांधलेली लहान कॅटामरान हा या अडचणीवरचा एक व्यवहार्य मार्ग आहे. मात्र निवड चुकली, तर हीच होडी मुलांना कायमची पाण्यापासून दूर लोटू शकते, प्रसंगी धोक्यातही टाकू शकते.

नाव तमिळ, रूप पॅसिफिकचे

'कॅटामरान' हा शब्द तमिळमधील 'कट्टुमरम' या शब्दावरून इंग्रजीत गेला. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर याने १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात कोरोमंडल किनाऱ्यावरील या तराफ्यांचा उल्लेख केला आहे. परंतु मूळचे कट्टुमरम म्हणजे शेजारी शेजारी बांधलेल्या ओंडक्यांचा मासेमारीचा तराफा. त्यात दोन स्वतंत्र होड्या नसतात. दोन होड्या आडव्या तुळयांनी जोडून दूरचे प्रवास करण्याची परंपरा पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन बेटांची. युरोपीयांनी भारतीय किनाऱ्यावरचे नाव उचलले आणि ते पुढे पॉलिनेशियन घडणीच्या होडीला चिकटले.

पाश्चात्त्य नौकाशर्यतींत ही रचना १८७६ मध्ये गाजली. अमेरिकी नौकारचनाकार नॅथॅनियल हेरेशॉफ याच्या 'अमारिलिस' या जोडहोडीने न्यूयॉर्कजवळच्या शर्यतीत प्रस्थापित नौकांना मागे टाकले आणि त्यानंतर अशा होड्यांना त्या शर्यतींतून बाहेरच ठेवण्यात आले. खरी लोकप्रियता मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. कॅलिफोर्नियातील सर्फबोर्ड बनवणारे होबी आल्टर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'होबी १४' आणि पाठोपाठ 'होबी १६' या होड्या आणल्या. धक्का किंवा गोदी यांची गरज न भासता थेट वाळूवरून लाटांत लोटता येणारी होडी, ही त्यांची कल्पना होती. होबी १६ या एकाच प्रकारच्या एक लाखाहून अधिक होड्या आजवर तयार झाल्या आहेत.

ब्रिटनमध्ये रॉडनी मार्च यांनी १९६७ मध्ये आरेखित केलेली 'टॉर्नेडो' ही वीस फुटी कॅटामरान १९७६ ते २००८ या काळात ऑलिंपिकमध्ये होती. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅटामरानला स्थान नव्हते. २०१६ पासून एक पुरुष व एक स्त्री अशा मिश्र जोडीसाठी 'नाक्रा १७' हा प्रकार सुरू झाला, तर २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये 'नाक्रा १५' वापरली गेली. म्हणजेच कॅटामरानवर शिकलेल्या मुलाला पुढे जाण्याची वाट आहे. मात्र बहुतेक देशांत पहिली पायरी अजूनही एकाच अंगाची 'ऑप्टिमिस्ट' हीच आहे.

एक होडी की दोन?

ऑप्टिमिस्ट ही जेमतेम पावणेआठ फूट लांबीची, चौकोनी तोंडाची, एकाच शिडाची होडी आहे. पंधरा वर्षांपर्यंतची मुले ती एकट्याने हाकतात. ती हळू चालते आणि तोल जाऊ लागला की हळूहळू कलते. त्यामुळे मुलाला शरीराने तोल साधण्याचा धडा मिळतो. तिचे दोष म्हणजे एकटेपणा आणि आत शिरणारे पाणी. घाबरलेल्या मुलाला उपसणी हातात घेऊन पाणी उपसावे लागते आणि त्याच्या मदतीला दुसरे कोणी नसते.

लहान कॅटामरानची वागणूक याच्या अगदी उलट असते. तिची रुंदी लांबीच्या जवळपास निम्मी असल्याने ती पाटासारखी स्थिर वाटते. दोन होडक्यांच्या मध्ये ताणलेल्या जाळीदार कापडावर दोन-तीन मुले बसू शकतात, शिकवणारा मोठा माणूसही सोबत येऊ शकतो. आलेली लाट जाळीतून खाली जाते, त्यामुळे पाणी उपसण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ती वेगवान असते. पहिल्याच दिवशी वाऱ्याचा वेग अंगावर घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी आपणहून परत येते, हा तिचा मोठा गुण होय.

तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. कॅटामरान इशारा उशिरा देते. वाऱ्याकडचे होडके पाण्याबाहेर उचलले जाईपर्यंत तिचा प्रतिकार वाढत जातो. ते उचलले गेले की तो झपाट्याने घटतो आणि होडी उलटते. वाऱ्याच्या दिशेने पुढे जात असता नाळ पाण्यात घुसली, तर ती पुढच्या बाजूने कोलांटीही खाते. हलकी असल्याने तिला स्वतःची गती फारशी टिकवता येत नाही, त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावरून वळवताना ती मध्येच अडकते आणि मागे सरकू लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आडवी झालेली कॅटामरान वेळीच सावरली नाही, तर डोलकाठी खाली करून पूर्ण पालथी होते. पालथ्या अवस्थेतही ती तितकीच स्थिर असते. मोठ्या कॅटामरानवर मुलांना शिकवणे धोक्याचे का, याचे उत्तर येथे मिळते.

होबी १६ चे वजन सुमारे १४५ किलो आणि रुंदी २.४१ मीटर आहे. आडवी पडलेली ही होडी सरळ करण्यासाठी खालच्या होडक्यावर उभे राहून, दोर धरून मागे रेलावे लागते. बारा वर्षांच्या दोन मुलांचे वजन मिळून सत्तर-ऐंशी किलो भरते. एवढ्या वजनाने ती होडी हलत नाही. म्हणजे उलटल्यानंतर मुले पूर्णपणे बचाव नौकेवर अवलंबून राहतात. जी होडी मुलांना स्वतः सरळ करता येत नाही, ती त्यांची शिकण्याची होडी असू शकत नाही.

घरच्या अंगणात बांधलेल्या होड्या

मुलांच्या नौकानयनाचा इतिहास हा बव्हंशी स्थानिक बांधणीचाच इतिहास आहे. ऑप्टिमिस्टचा जन्म १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या क्लिअरवॉटर या गावी झाला. क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने बाजारात मिळणाऱ्या प्लायवूडच्या आठ फुटी तक्त्यांतून कोणत्याही बापलेकाला बांधता येईल, अशी होडी आखली. तिचे बोथट, चौकोनी तोंड ही या काटकसरीचीच खूण आहे. न्यूझीलंडमध्ये हॅरी हायेट यांनी १९२० मध्ये आरेखित केलेली सात फुटी 'पी-क्लास' होडी घराघरांत बांधली गेली आणि रसेल कूट्स यांच्यासारखे ऑलिंपिक सुवर्णविजेते तिच्यावरच घडले.

ब्रिटनमधील उदाहरण वृत्तपत्रवाचकांना विशेष रोचक वाटावे. 'डेली मिरर' या दैनिकाने १९६३ मध्ये सामान्यांसाठी होडीचा सुटा संच बाजारात आणला. त्याची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती. जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांच्या या 'मिरर' होडीत प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांध्यांवर फायबर ग्लासची पट्टी रेझिनने चिकटवली जात असे. सुतारकामाचे विशेष कौशल्य नसलेल्यांनाही ती जमली आणि सत्तर हजारांहून अधिक होड्या पाण्यात उतरल्या.

कॅटामरानच्या बाबतीत असेच काम 'पेपर टायगर'ने केले. न्यूझीलंडच्या रॉन गिव्हन यांनी १९६९ मध्ये आरेखित केलेली ही चौदा फुटी, एका व्यक्तीने हाकायची प्लायवूडची होडी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात घरोघरी बांधली गेली. तिचे वजन पन्नास किलोच्या आसपास, रुंदी सुमारे २.१३ मीटर आणि शीड सव्वानऊ चौरस मीटर. होबी १६ शी तुलना केली, तर लांबी थोडीच कमी, पण वजन जवळपास एक तृतीयांश. हलकेपणा हा महागड्या साहित्याचा नव्हे, तर काळजीपूर्वक आरेखनाचा व शिस्तबद्ध बांधणीचा परिणाम असतो, हे या होडीने दाखवून दिले.

स्थानिक बांधणीचे बळ आणि उणीव

भारताच्या किनाऱ्यावर फायबर ग्लासचे काम करणारे कारागीर आता जागोजागी आढळतात. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूत अनेक कट्टुमरमांची जागा फायबरच्या होड्यांनी घेतली. कोकण व गोव्यातही लहान मासेमारी होड्या फायबरच्या बनतात. गोव्यातील दिवाडी बेटावरील गोदीत बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती पूर्ण केली, तर त्याच गोदीतील 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जगभ्रमण करून आल्या. त्यामुळे येथे चांगली शिडाची होडी बांधता येईल का, हा प्रश्न आता उरलेला नाही.

आयात होडीच्या मूळ किमतीवर जहाजवाहतूक आणि सीमाशुल्क यांचा भार पडतो. त्याहून मोठी अडचण पुढे येते. सुकाणूची एक खीळ तुटली, तरी सुटा भाग परदेशातून येईपर्यंत होडी किनाऱ्यावर पडून राहते. होडी जेथे बांधली, तेथेच दुरुस्त होत असेल, तर शिकवणीचा हंगाम बुडत नाही. मुलांना बांधणीत हातभार लावता आला, तर होडीची रचना त्यांना न शिकवताच कळते.

मात्र मासेमारीची होडी बांधणाऱ्या कारागिराला एक सवय मोडावी लागते. त्याच्या दृष्टीने जाड थर म्हणजे भक्कमपणा. कॅटामरानमध्ये जादा रेझिन आणि जादा थर म्हणजे केवळ जादा वजन. जड कॅटामरान हळू चालते, वळत नाही, मुलांना वाळूवर ओढता येत नाही आणि उलटली तर सरळ करता येत नाही. तिचे सारे गुण नाहीसे होऊन दोष तेवढे शिल्लक राहतात. म्हणून करारातच पूर्ण सज्ज होडीचे कमाल वजन लिहून घ्यावे आणि ताबा घेताना ती काट्यावर तोलावी. दोन्ही होडक्यांचे वजन सारखे आहे का, ती एकमेकांना समांतर आहेत का, हेही पाहावे. दोन्ही कर्णांची मापे फीत लावून घेतली, तरी चौकटीतील तिरपेपणा लगेच उघड होतो.

निवडीचे निकष

आकार व वजन : दहा ते पंधरा वर्षांच्या दोन मुलांसाठी अकरा ते चौदा फूट लांबी पुरेशी होते. ढोबळ नियम असा, की सज्ज होडीचे वजन तिच्यावरील मुलांच्या एकत्रित वजनापेक्षा फार अधिक नसावे. खरी कसोटी कागदावर नव्हे, पाण्यात घ्यावी. शांत पाण्यात होडी मुद्दाम उलटवून, ज्या वयाच्या मुलांसाठी ती घ्यायची आहे त्यांनाच ती सरळ करता येते का, हे पाहिल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

पाण्याखालची पाती : होडी वाऱ्याबरोबर आडवी वाहून जाऊ नये, यासाठी तीन उपाय आहेत. होबीप्रमाणे होडक्यांचा आकार दोन बाजूंनी वेगळा ठेवणे, ब्रिटनच्या 'डार्ट १८'प्रमाणे तळाशी स्थिर पाते बसवणे किंवा पेपर टायगरप्रमाणे खाली-वर करता येणारी फळी ठेवणे. फळी सर्वांत कार्यक्षम, पण उथळ पाण्यात तीच प्रथम तुटते आणि तिच्या खाचेतून पाणी झिरपते. किनाऱ्यावरून शिकणाऱ्या मुलांसाठी स्थिर पाते हा बांधायला सोपा व टिकाऊ पर्याय आहे. सुकाणू मात्र वाळू लागताच आपोआप वर उचलले जाणारे हवे.

शीड : सात ते नऊ चौरस मीटर शीड पुरते. वारा वाढल्यास ते लहान करण्याची सोय असावी. डोक्यावर आपटणारी आडवी काठी टाळता आली, तर उत्तम.

डोलकाठी : तिची दोन्ही टोके हवाबंद असावीत किंवा टोकाशी तरंगणारा फुगा असावा. त्यामुळे आडवी झालेली होडी पालथी होण्यास वेळ लागतो आणि हा वेळच मोलाचा असतो. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीचा विजेच्या तारांना स्पर्श होणे प्राणघातक असते. अमेरिकेत १९८० च्या दशकात होबीच्या डोलकाठीचा वरचा भाग वीजरोधक करण्यात आला, तो याच कारणाने. होडी जेथे उभी करायची, तेथून पाण्यापर्यंतच्या वाटेवर एकही तार नसावी.

होडक्यांची आतील रचना : प्रत्येक होडक्यात आडव्या भिंतींनी वेगळे केलेले कप्पे, तपासणीसाठी झाकण आणि पाणी काढण्यासाठी बूच असावे. कप्प्यांत फोम असल्यास होडके फुटले तरी बुडत नाही. प्लायवूड वापरायचे असेल, तर ते भारतीय मानक ७१० चे, म्हणजे खरे मरीन प्लायवूड असल्याची खात्री करावी. आडव्या तुळया बोल्ट काढून सुट्या करता येत असतील, तर शहरातील अपुऱ्या जागेतही होडी ठेवता येते.

आणखी एक मुद्दा बहुधा दुर्लक्षित राहतो. चार संस्थांनी चार प्रकारच्या होड्या घेण्याऐवजी एकाच आरेखनावर एकमत करावे. फायबरचा साचा बनवणे हाच मोठा खर्च असतो आणि तो जितक्या होड्यांत विभागला जाईल, तितकी प्रत्येक होडी स्वस्त पडते. सुटे भाग एकमेकांना उपयोगी पडतात. आणि सर्व होड्या सारख्या असल्या, की मुलांची शर्यत कौशल्याची होते, पालकांच्या ऐपतीची नव्हे.

वारा, भरती आणि बचाव

पश्चिम किनाऱ्यावर नौकानयनाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. सकाळचे शांत पाणी नवशिक्यांना सुरक्षित वाटते, पण मतलई वारा होडीला किनाऱ्यापासून दूर नेतो. खाऱ्या वाऱ्यात लाटा अधिक असल्या, तरी बिघाड झालेली होडी किनाऱ्याकडेच येते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक असतो. ओहोटीचा ओढ खाडीतून होडी बाहेर नेतो आणि परतताना पाण्याच्या जागी चिखल उरतो. धड्याची वेळ शाळेच्या घंटेवर नव्हे, भरतीच्या तक्त्यावर ठरवावी लागते.

पाण्यावर प्रत्येक मुलाच्या अंगात त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट आणि जवळपास इंजिन असलेली बचाव नौका, या दोन गोष्टींना पर्याय नाही. पालथ्या होडीच्या जाळीखाली सापडलेल्या मुलाने काय करावे, याचा सराव उथळ पाण्यात पहिल्याच आठवड्यात व्हावा. दोर कापण्यासाठी शिक्षकाजवळ सुरी असावी. शरीर होडीबाहेर टांगून तोल साधण्याचा पट्टा नवशिक्यांना मुळीच देऊ नये, कारण त्याचा आकडा दोरांत अडकू शकतो.

पदकांपलीकडचा हिशेब

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतील नौकानयन मुंबईत झाले होते. त्यात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी 'फायरबॉल' या प्लायवूडमध्ये बांधता येण्याजोग्या होडीच्या प्रकारात सुवर्णपदक जिंकले. अलीकडे मात्र मुलामुलींच्या गटातील पदके समुद्र नसलेल्या मध्य प्रदेशाने मिळवली. भोपाळच्या तलावावर शिकलेल्या हर्षिता तोमर हिने २०१८ मध्ये आशियाई कांस्यपदक, तर नेहा ठाकूर हिने २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत रौप्यपदक पटकावले. ही पदके एकाच अंगाच्या होड्यांवरची आहेत. स्थानिक कॅटामरानवर शिकलेल्या मुलाला स्पर्धेत उतरायचे असेल, तर त्यालाही पुढे मान्यताप्राप्त प्रकाराकडे वळावे लागेल. तरी त्यातून मिळणारा बोध निराळा आहे. लाटा किंवा किनारपट्टी नव्हे, तर हाताशी असलेली होडी, नियमित सराव आणि शिकवणारा माणूस यांवर नौकानयन उभे राहते.

ऑप्टिमिस्ट की कॅटामरान, हा वाद म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. ज्या मुलाला एकट्याने बसण्याची भीती वाटते, त्याला मित्रासोबत जाळीवर बसून वारा अनुभवू द्यावा आणि तोल साधण्याचे बारकावे नंतर एका अंगाच्या होडीवर शिकवावेत. पाठीचा भोपळा कधीतरी सोडायचाच असतो. तो बांधलेला असताना पाण्याशी ओळख झाली, म्हणजे त्याचे काम झाले.